जयसिंगरावाचे दोन हेडफोन आणि वामन सशाचं मत

एका जंगलात एक बिबट्या राहत होता, आणि कानात गाणं असल्याशिवाय त्याला घास गिळता येत नव्हता.

हसू नका. तुमच्यापैकी कोण कोण समोर काहीतरी लावल्याशिवाय जेवत नाही, ते तुमच्या आयांनी मला सांगितलंय. तेव्हा गप्प बसा आणि ऐका.

बिबट्याचं नाव जयसिंगराव. पूर्वी तो सरळ होता. भूक लागली की धरायचं, धरलं की खायचं, खाल्लं की झोपायचं. मग एकदा कुठूनसा एक साधा हेडफोन त्याच्या हाती लागला. हाती म्हणजे पंजात, समजून घ्या. तो डोक्यावर चढवून त्याने हरणाची एक तंगडी खाल्ली आणि त्याला साक्षात्कार झाला, की आजवर आपण जेवलोच नाही, नुसतं पोट भरलं. त्या दिवसापासून आधी गाणं, मग घास. भारद्वाजबुवांचा मारवा लावला की सांबर खायचं, सुतारपक्ष्याची ढोलकी लावली की रानडुक्कर. सगळं ठरलेलं.

एके दिवशी तो हेडफोन मोडला. मोडला कसा? जयसिंगराव त्याच्यावर झोपला.

आता नवा घ्यायचा तर उत्तमातला उत्तमच घ्यायचा, असं त्याने मनाशी पक्कं केलं. त्या जंगलात कुरिअरचं काम कावळ्याकडे होतं. कावळ्याने दोन खोकी आणून गुहेच्या दारात टाकली.

"साहेब, दोन्ही भारीतले आहेत," कावळा म्हणाला. "सात दिवस वापरून बघा. आवडेल तो ठेवा, नाही आवडला तो परत. दोन्ही नाही आवडले तर दोन्ही परत. सातव्या दिवशी संध्याकाळी येतो. फक्त खोकी फाडू नका."

जयसिंगरावाने आधी खोकी फाडली.

एका हेडफोनचं नाव होतं गंधार. शिसवी लाकडाच्या वाट्या, आतून मऊ कातड्याची गादी, जाडजूड वायर. वजन असं की दोन्ही पंजांनी उचलून डोक्यावर ठेवावा लागे. दुसऱ्याचं नाव निनाद-नऊ. चंदेरी, सडपातळ, घडी घालून ठेवता येणारा, वायरबियर काही नाही. शिवाय त्याला एक बटण होतं. ते दाबलं की बाहेरच्या जगाचा आवाज बंद.

जयसिंगरावाने गंधार लावला. छान वाटला. मग निनाद लावला. तोही छान वाटला. पुन्हा गंधार लावला, तर तो मघापेक्षा छान वाटला. मग निनादवर अन्याय नको म्हणून तोही पुन्हा लावला. असं करता करता संध्याकाळ झाली, आणि जेवणासाठी अर्धमेलं करून ठेवलेलं सांबर शुद्धीवर येऊन घरी निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयसिंगराव उपाशीपोटी बाहेर पडला, तर पहिल्याच झुडपाआड त्याला वामन सापडला.

वामन हा ससा. आता नीट ऐका हं, कारण गोष्ट खरी याची आहे.

वामन मध्यमवयीन होता, पापभीरू होता. घरी बायको सगुणा आणि सात पिल्लं. कान मात्र त्याचे असे, की पलीकडच्या टेकडीवर कोणी पान चावलं तरी कशाचं पान ते त्याला सांगता यायचं. पण सांगणार कोणाला? उभ्या जन्मात त्याला कोणी विचारलं नव्हतं, की वामन, तुझं काय मत आहे? बिळाचं तोंड कुठल्या दिशेला हवं ते सगुणाने ठरवलं. पिल्लांची नावं सासूबाईंनी ठेवली. एकदा जेवताना वामनने रानगाजराबद्दल आपलं मत सांगितलं होतं. कोणी मान वर केली नाही. सगुणा म्हणाली, "जरा सरका तिकडे."

तर अशा वामनला मानगुटीला धरून जयसिंगरावाने गुहेत आणलं, आत टाकलं आणि स्वतः दारात आडवा बसला. मग त्याने एका पंजात निनाद घेतला, दुसरा पंजा गंधारवर ठेवला, आणि तसाच बसून राहिला.

"ए," तो शेवटी म्हणाला. "तुझे कान बरेच मोठे आहेत. तुला कळत असेल. यातला चांगला कोणता?"

वामनचं डोकं मात्र चालू होतं. जयसिंगरावाची जेवायची रीत जंगलात सगळ्यांना ठाऊक होती, त्यामुळे त्याच्या लगेच लक्षात आलं. आपण उत्तर दिलं, की हा तो हेडफोन लावणार, आणि लावला की आपल्याला खाणार. उत्तर दिलं नाही, तर गाणं नाही, आणि गाणं नाही तर जेवणही नाही.

"साहेब," वामन म्हणाला, "असं एकदम कसं सांगता येईल?"

"म्हणजे?"

"म्हणजे हा माल नवा आहे. कोरा हेडफोन कच्चा वाजतो. आधी तो मुरावा लागतो."

"मुरावा लागतो? लोणच्यासारखा?"

"अगदी तसाच. दोन दिवस दोन्ही नुसते वाजत ठेवायचे. कानाला लावायचे नाहीत. आत्ता तुलना केलीत तर दोघांवरही अन्याय होईल."

हे आपल्याला कुठून सुचलं, ते वामनचं त्यालाही कळलं नाही. पण जयसिंगरावाने मान डोलावली. मोठी माणसं असं काही ठामपणे सांगितलं की मान डोलावतात, मुलांनो. मोठे बिबटेही डोलावतात.

दोन दिवस गुहेच्या कोपऱ्यात गंधार आणि निनाद आपापले वाजत पडले. जयसिंगराव दारात बसून पोटावर पंजा फिरवत राहिला. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मुरले असतील. बोल."

"मुरले," वामन म्हणाला. "आता ऐकायला सुरुवात करू. पण एक आहे साहेब. भरल्या पोटी ऐकायचं नाही. पोट भरलं की ढोलकीचा ठोका जड लागतो. खरे जाणकार उपाशीपोटीच ऐकतात."

"किती दिवस?"

"निकाल लागेपर्यंत."

जयसिंगरावाला सांबर आठवलं. पण खरे जाणकार म्हटल्यावर त्याला नाही म्हणता येईना.

मग वामनने लांब कान घडी करून गंधारच्या वाट्यांत बसवले आणि भारद्वाजबुवांचा मारवा लावला. केवळ वेळ काढायला लावला होता, मी खोटं कशाला सांगू. पण तान संपली, आणि पुढची सुरू होण्याआधी वामनला काहीतरी ऐकू आलं. बुवांनी श्वास घेतला होता. बारीकसा, थोडा थकलेला, म्हाताऱ्या छातीतून आलेला श्वास. वामन एकदम ताठ झाला. त्याने तेवढंच पुन्हा लावलं. पुन्हा श्वास. मग त्याने निनाद लावला, ते बटण दाबलं, सगळं जग बंद केलं, आणि तीच जागा ऐकली. तान होती. सूर होता. श्वास नव्हता.

वामनच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं हे कान त्याने फक्त पळण्यासाठी वापरले होते.

त्यानंतर तो खरंच कामाला लागला. जयसिंगरावाने गुहेच्या भिंतीवर नखाने दोन रकाने पाडले आणि वामन सांगेल तसं तो कोरत गेला. निनादची घडी सुरेख पडते, गंधार ठेवायला जागा लागते. निनादखाली कानाला घाम येतो, गंधारखाली येत नाही, पण मान अवघडते. निनादचा रंग उन्हात चमकतो, शिकारीला घालून जाल तर हरणं दुरूनच बघतील. ढोलकी निनादमध्ये धमाल वाजते, पण काठावरचं, चाटीचं बोट कुठे पडलं ते गंधारमध्ये कळतं. कोरून कोरून जयसिंगरावाची नखं बोथट झाली.

"मग गंधार चांगला म्हणायचा का, वामनराव?" पाचव्या दिवशी त्याने विचारलं. पहिल्या दिवशीचं 'ए' जाऊन आता 'वामनराव' झालं होतं, आणि 'तू'चं 'तुम्ही'.

"घाई नको, साहेब," वामनराव म्हणाले. बघा, मीसुद्धा म्हणायला लागलो. वामन म्हणाला. "ढोलकी ऐकून झाली, आता बासरी ऐकू. मग सकाळचे राग सकाळी ऐकू. दमट हवेत ऐकू, कोरड्या हवेत ऐकू."

जयसिंगराव 'बरं' म्हणाला आणि वामनसाठी ओढ्याकाठच्या कोवळ्या हरळीची जुडी घेऊन आला. जाणकाराने उपाशी राहायचं, पण जाणकाराच्या जाणकाराने खायचं, अशी वाटणी वामनने तेव्हाच पटवून दिली होती. बिबट्याच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या. ससा बाळसं धरत होता.

रोज दुपारी जयसिंगराव पाणी प्यायला ओढ्यावर जाई. जाताना दारावर धोंडा लोटून जाई. तेवढ्यात सगुणा येऊन फटीला तोंड लावी.

"अहो, जिवंत आहात का?"

"आहे गं. कामात आहे."

"कसलं काम? सुटायचं काही बघताय का?"

"बघतोय. सातव्या दिवशी दोन्ही परत पाठवायला लावतो. हेडफोनच नाही तर हा मला खाणार कसा? सोडून देईल. पण सगुणा, तुला सांगतो, त्या मारव्यात एक श्वास आहे..."

"श्वास स्वतःचा सांभाळा आधी," सगुणा म्हणे, आणि धोंडा लोटायचा प्रयत्न करी. पण तो तिला हलत नसे.

सातवा दिवस उजाडला. वामनचा बेत तयार होता. पुढच्या महिन्यात याहून सरस हेडफोन निघतोय, तोवर थांबा, असं सांगायचं. पण जयसिंगरावही स्वस्थ बसला नव्हता. दुसरं मत असावं म्हणून त्याने सुमतीबाई धामण यांना बोलावलं होतं.

सुमतीबाईंचं त्या जंगलात मोठं नाव. रोज उन्हं कलली की त्या एका खडकावर वेटोळं करून बसत आणि मधापासून मोहापर्यंत, घरट्यांपासून गवतापर्यंत कशाहीबद्दल मत देत. निम्मं जंगल ऐकायला जमे. त्या आल्या, त्यांनी भिंतीवरचे रकाने पाहिले आणि जीभ एकदा आत-बाहेर केली.

"बाई, कोणता लावून बघताय आधी?" वामनने अदबीने विचारलं.

"मी लावत नाही," सुमतीबाई म्हणाल्या. "मला कान नाहीत."

"मग?"

"म्हणूनच माझं मत निःपक्षपाती असतं."

त्यांनी निनाद गळ्यात अडकवून पाहिला. धामणीला सगळा गळाच, त्यामुळे तो घसरत घसरत शेपटीपर्यंत गेला. मग गंधारच्या वाटीत शिरून पाहिलं, तिथे जरा पडून पाहिलं. तेवढ्यात कावळाही येऊन दारातल्या फांदीवर बसला.

"झालं का साहेब? मला अजून अकरा ठिकाणी जायचंय."

सुमतीबाई वाटीतून बाहेर आल्या. "जयसिंगराव, स्पष्ट सांगते. या दोघांत काही फरक नाही."

"काय?" जयसिंगराव म्हणाला.

"काडीचाही फरक नाही. एक लाकडाचा, एक पत्र्याचा. वाजतात दोन्ही सारखेच. फरक ऐकू येतो म्हणणारे उगाच शहाणपणा मिरवतात."

जयसिंगरावाने भला मोठा सुस्कारा सोडला. सहा दिवसांचा उपवास त्या सुस्काऱ्यात होता.

"सुटलो बुवा!" तो म्हणाला. "माझं डोकं उठलं होतं. कावळोबा, दोन्ही परत न्या. वामनराव, तुम्ही फार कष्ट घेतलेत. आता गाणंच नाही म्हटल्यावर तुम्हाला खाणं काही जमायचं नाही. तुम्ही घरी जा. वहिनींना नमस्कार सांगा."

आणि तो दारातून बाजूला झाला.

बघा मुलांनो! वामनचा बेत त्याने न सांगताच पार पडला होता. तोंड उघडायचंही कारण नव्हतं. समोर दार होतं, दाराबाहेर ऊन होतं, झुडपाआडून सगुणाचे दोन कान दिसत होते. वामनने फक्त 'येतो' म्हणायचं होतं आणि निघायचं होतं.

वामन दोन पावलं चाललासुद्धा. मग थांबला.

"फरक नाही?" तो म्हणाला.

"जा हो वामनराव," कावळा म्हणाला. त्याला बिचाऱ्याला घाई होती.

"फरक नाही म्हणता, बाई?" वामनचा आवाज चढला. "बुवांचा श्वास ऐकलात का तुम्ही? गंधारमध्ये बुवा समोर बसलेत, असे हाताच्या अंतरावर! निनादमध्ये बुवांचा नुसता सांगाडा आहे. आणि ते बटण! बाहेरचं बंद करता करता आतलंही मारून टाकतं ते. दिसायला चांगला आहे म्हणा, मी मान्य करीन. घडी पडते म्हणा. पण सारखे? कान नाहीत तर निदान लाज तरी बाळगा!"

"मग तुमच्या मते कोणता चांगला?" सुमतीबाईंनी थंडपणे विचारलं.

"गंधार!" वामन ओरडला. "गंधार! हजार वेळा गंधार! हे ज्याला कळत नाही त्याने गवत खावं!"

आपण स्वतः गवतच खातो, हे त्या भरात तो विसरला.

कावळ्याने लगेच निनाद चोचीत उचलला. "म्हणजे ठरलं. गंधार ठेवला," असं अडखळत म्हणून तो उडून गेला. सुमतीबाई अपमान सहन न होऊन सरपटत निघून गेल्या. त्यांनी पुढे खडकावर बसून सशांबद्दल फार वाईट मत दिलं, असं ऐकतो.

जयसिंगराव वामनकडे वळला. त्याच्या डोळ्यांत कृतज्ञता होती, आणि भूक होती.

"वामनराव," तो मृदू आवाजात म्हणाला, "निकाल लागला. मग बसू या का जेवायला?"

वामनच्या तोंडचं पाणी पळालं. आपण काय करून बसलो ते त्याला आता कळलं.

पण नशीब कसं असतं बघा. गंधार होता जड. जयसिंगराव होता सहा दिवसांचा उपाशी. त्याने दोन्ही पंजांनी गंधार उचलला, कसाबसा डोक्यावर ठेवला, भिंतीला टेकून बसला आणि मारवा लावून डोळे मिटले. दार मोकळं. पंजे हेडफोनवर. कान बंद, डोळे बंद.

वामन पळाला. तीन उड्यांत दार, चौथ्या उडीत बाहेर. पायांखाली गवत लागलं. झुडपातून सगुणा बाहेर आली. तिचे डोळे भरून आले होते.

"अहो, चला! चला लवकर! पोरं वाट बघताहेत."

"चल," वामन म्हणाला, आणि त्याने सहज मागे वळून पाहिलं.

आत जयसिंगराव मान हलवत होता. वामनला मारवा पाठ झाला होता. आलाप संपत आला असणार, त्याने हिशेब केला. आता पहिली तान. मग ती जागा. तिथे बुवा श्वास घेणार. या बिबट्याला तो ऐकू येईल का? आला तरी कळेल का? की हाही म्हणेल, काही फरक नाही?

"अहो, थांबलात काय?"

"आलोच," वामन म्हणाला. "तू हो पुढे. एवढं एक विचारून येतो."

"कोणाला विचारून? वेड लागलंय का तुम्हाला? अहो!"

पण वामन आत गेला होता. तो जयसिंगरावासमोर उभा राहिला आणि त्याने त्याच्या गुडघ्यावर हलकेच टकटक केलं. जयसिंगरावाने डोळे उघडले. एका कानावरची वाटी बाजूला केली.

"आला का?" वामनने विचारलं. "तो श्वास. दोन तानांमधला. ऐकलात का?"

जयसिंगरावाच्या मिशा थरथरत होत्या.

"ऐकला, वामनराव," तो म्हणाला. "अगदी समोर बसल्यासारखा. निनादमध्ये हे नव्हतं हो. मी इतके दिवस नुसताच ऐकत होतो. तुम्हीच बरोबर होता."

वामनला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की काय सांगू. लग्नात झाला नव्हता, पहिलं पिल्लू झालं तेव्हाही झाला नव्हता. त्याची छाती भरून आली. त्याने दोन्ही कान ताठ केले आणि म्हणाला, "मी सांगितलं होतं ना!"

मग जयसिंगरावाने वाटी पुन्हा कानावर ठेवली, आणि सात दिवसांत पहिल्यांदा तो पोटभर, मन लावून, मोठ्या आदराने जेवला.

तात्पर्य : वेळेवर पळून जाणारे जगतात खरे, पण आपलं मत बरोबर होतं की नव्हतं, हे त्यांना शेवटपर्यंत कळत नाही.